बोलत्या टोपल्या

मला कोणी मागून हाक मारलेली चालत नाही. समोर या, तोंड दाखवा, मग काय ते बोला. सुना म्हणतात, म्हातारी शकुन पाळते. मी शकुनबिकुन काही पाळत नाही. घरातलं मांजर दिवसभर आडवं जात असतं, त्याला मी दूध घालते. मागच्या हाकेचं कारण वेगळं आहे. ते सांगायचं तर मला धानोऱ्याजवळच्या आमच्या जुन्या घरापासून, आणि शेणामातीने लिंपलेल्या दोन टोपल्यांपासून सुरुवात करावी लागते. त्या टोपल्या मी आणि माझ्या मायने मिळून केल्या होत्या, आणि त्यांतून रेडिओ बोलायचा.

तेव्हा गडचिरोली जिल्हा झालेला नव्हता. सगळा मुलूख चांद्याचा, आणि चांद्याला चंद्रपूर म्हणायची सवय अजून कोणाला लागली नव्हती. मी सोळा-सतरा वर्षांची होते. गावातली शाळा संपली होती, पुढच्या शाळेला पाठवायचं कोणाच्या मनातही नव्हतं, आणि घरात माझ्या लग्नाची बोलणी चालली होती. ती मी जमेल तितकी मोडत होते.

बाबा एका ठेकेदाराकडे कुपाचे मुकादम होते. कूप म्हणजे तोडीसाठी आखून दिलेला जंगलाचा तुकडा. दिवाळी सरली की त्यातली खुणेची सागवानं तोडायला सुरुवात व्हायची, ती उन्हाळ्यापर्यंत चालायची. तोडायची माणसं आजूबाजूच्या पाड्यांतली, कुऱ्हाड हातात घेऊनच जन्मल्यासारखी. बाबांचं काम झाड ठरवायचं, ते कुठल्या अंगाला पाडायचं हे सांगायचं आणि माणसं सांभाळायची. बाबा कुऱ्हाडीच्या पाठीने खोडावर ठोकायचे, कान लावायचे आणि आतून झाड भरीव आहे की पोकळ ते सांगायचे. पोकळ झाड कुठेही फुटतं, कुठेही पडतं, म्हणून ते आधी कळावं लागतं. बाबांचा कान चुकला असं मी कधी ऐकलं नव्हतं. आमच्या घरात त्या कानाचं फार कौतुक होतं आणि सगळ्यांत जास्त कौतुक खुद्द बाबांनाच होतं.

कुपात आणखी एक रीत होती, ती समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. झाड पडायला आलं की शेवटचे घाव घालायच्या आधी तोडणारा लांब हाळी द्यायचा. त्या जंगलात बांबूची बेटं इतकी दाट की चार हातांवरचा माणूस दिसत नाही. मग कुपात असलेला प्रत्येक जण आपापल्या जागेवरून उलट हाळी द्यायचा. प्रत्येकाची वेगळी: एक शीळ घालायचा, एक घुबडासारखा घुमायचा, एक नुसता ‘हो’ म्हणायचा. त्यावरून तोडणाऱ्याला कळायचं कोण कुठे आहे, आणि बाकीच्यांना कळायचं झाड कुठून येतंय. सगळ्यांत शेवटी मुकादमाची हाळी. ती आली म्हणजे घाव घालायला मोकळीक. बाबांची हाळी खोल होती, सुरुवातीला जड आणि मग उंच जाणारी. वारा आमच्याकडे असला की ती घरापर्यंत यायची, आणि माय हातातलं काम न थांबवता नुसती मान हलवायची.

त्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी बाबांचा डावा कान फुटला. नदीत पोहून आल्यावर दुखायला लागला, मग वाहायला लागला, ताप चढला. मायने लसणाचं तेल कोमट करून घातलं. शेजारच्या बाईने शेळीचं दूध घालायला सांगितलं, तेही घातलं. त्या कानात काय काय गेलं त्याचा हिशेब नाही. शेवटी बैलगाडीत घालून गडचिरोलीला नेलं. डॉक्टरने बॅटरी लावून पाहिलं आणि सांगितलं की जीव वाचला हे नशीब समजा, हा कान आता गेला.

घरी येताना बाबांनी आम्हा दोघींना बजावलं, "कोनाले सांगू नका. एक कान हाये ना अजून?"

ठेकेदाराला कळलं असतं तर त्याने दुसरा मुकादम पाहिला असता, ही भीती खरीच होती. पण बाबांना त्याहून जास्त लाज वाटत होती. ज्या माणसाची ओळखच कान ही, त्याने बहिरा झालो म्हणून सांगायचं कसं?

पहिल्यांदा मलाही वाटलं, एक कान आहे की. ऐकायला तर येतंय! बाबा आमच्याशी बोलत होते, हसत होते, हळू बोललं तरी उत्तर देत होते. मग एका सकाळी माय उजव्या अंगाच्या गोठ्यातून त्यांना म्हणाली, "अजी, दोर घेऊन येता का?" बाबा उठले, दोर घेतला आणि तरातरा पुढच्या दारातून अंगणात गेले. तिथे उभे राहून इकडेतिकडे बघू लागले. मी खो खो हसले. माय गोठ्याच्या दारात आली, तिने ते पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून माझं हसणं बंद झालं.

त्या दिवसापासून ती त्यांना मुद्दाम हाका मारायला लागली. कधी विहिरीवरून, कधी चुलीजवळून, कधी परसातून. बाबा प्रत्येक वेळी ऐकत आणि बहुतेक वेळी भलतीकडे वळत. हाक ऐकू येई. ती कुठून आली ते कळत नसे. मायने मला बाजूला घेऊन सांगितलं, "आवाज येते, पन बाजू नाई येत. कुपात झाड पडन तं हे कोनीकडं पळतीन?"

दिवाळी महिन्यावर आली होती.

त्याच सुमारास मामा आला. चांद्याला लग्नकार्यात भोंगे आणि रेकॉर्डी भाड्याने देणाऱ्या एका दुकानात तो कामाला होता. तिथे त्याने तारा जोडायची, भोंगे उघडायची विद्या उचलली होती आणि ती सगळ्या जगाला शिकवायची त्याला हौस होती. मामा बोलायला लागला की त्याला स्वतःला भोंग्याची गरज पडत नसे. आजारी मेव्हण्याची करमणूक व्हावी म्हणून त्याने कोणाचा तरी टाकून दिलेला बॅटरीवरचा रेडिओ दुरुस्त करून आणला होता. मोहाच्या झाडाला तार बांधली, आणि नागपूर केंद्र लागलं. पेटीतला स्पीकर मात्र फाटलेला, माणूस बोलला की पत्रा वाजल्यासारखं व्हायचं.

मामाच्या पिशवीत आणखी दोन स्पीकर होते, पाण्यात भिजून कागद कुजलेले. लोहचुंबक ठीक होते, तारेची गुंडाळी ठीक होती. तो मायला म्हणाला, "बाई, याले कागद लावला तं पेटीपेक्षा चांगला वाजन. एक लावून देतो." माय चुलीपाशी बसली होती. ती म्हणाली, "दोन्ही लाव." मामा म्हणाला, "दोन कायले? एका खोलीत दोन काय करतेस?" माय म्हणाली, "एक डाव्या कोपऱ्यात, एक उजव्या. आन एका वेळी एकच वाजला पायजे. माह्या हातानं."

मामाला काय ते कळलं नाही. मला कळलं. बाबा पडवीत होते, त्यांनाही कळलं असावं, कारण ते उठून बाहेर गेले.

तिने नवऱ्याला सरळ सांगितलं: जोवर डोळे मिटून बाजू सांगता येत नाही, तोवर कुपात पाऊल टाकायचं नाही. बाबा चिडले. ताट सरकवून उठले. मायने त्यांची कुऱ्हाड धान्याच्या ढोलीमागे टाकली आणि त्या ढोलीला पाठ लावून बसली. माझी माय तशी गरीब, पण एकदा बसली की बसली.

मामाने दोन दिवसांत मला शिकवलं आणि तो निघून गेला. पुढचं मी केलं. टिपकागद आणायला मी शाळेच्या गुरुजींकडे गेले. त्यांनी कशाला म्हणून विचारलं, मी शिवणाच्या नमुन्यांना म्हणून सांगितलं. कागदाचा गोल कापायचा, त्यातून एक फाक काढायची आणि कडा जुळवून चिकटवल्या की खोलगट नरसाळं होतं. आमच्याकडे लाखेला तोटा नव्हता, तेव्हा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कागदाला आतून-बाहेरून पाजली, म्हणजे तो कडक होतो आणि ओल धरत नाही. कडेला मायच्या जुन्या लुगड्याची मऊ पट्टी लावली, कागदाला पुढेमागे हलता यावं म्हणून. सगळ्यात जिकिरीचं काम मधल्या गुंडाळीचं. ती चुंबकाच्या फटीत कुठेही न टेकता बसायला हवी. पहिल्यांदा ती टेकली, आणि नागपूरहून बोलणारा माणूस घसा बसलेल्या म्हाताऱ्यासारखा खरखरू लागला. मी तो कागद रागाने टरकावून फेकला. मग पुन्हा टिपकागद मागायला गेले. गुरुजींना वाटलं असेल, ही पोरगी फार शिवते.

खोकी करायला फळ्या विकत आणणं आम्हाला परवडणारं नव्हतं, आणि कुपातली फळी घरी आणायची नाही हा बाबांचा नेम. मायने दोन बांबूच्या टोपल्या घेतल्या. ढोली लिंपतात तशी माती, शेण आणि धानाचा कोंडा कालवून त्या बाहेरून जाड लिंपल्या. वाळताना तडे गेले, ते बुजवून पुन्हा लिंपल्या. तोंडावर आंब्याच्या जुन्या पाटाची गोल भोक पाडलेली फळी बसवली, तीत स्पीकर. आत काटेसावरीचा कापूस भरला, त्याने घुमणं थांबलं. आणि मग जो आवाज आला! मी आजवर पुष्कळ महागडे स्पीकर ऐकले, मुलाने घरात उभे केलेले माझ्या उंचीचेही ऐकले. त्या टोपल्यांतून माणूस खोलीत बसून बोलत असल्यासारखा बोलायचा. मला इतका आनंद झाला की हे सगळं कशासाठी चाललंय ते मी घटकाभर विसरले.

गावात बोभाटा झाला. संध्याकाळी लोक पडवीत येऊन बसायला लागले, बोलत्या टोपल्या बघायला. एक म्हातारी टोपलीला हळद-कुंकू लावून गेली.

पण त्या वर्षी बांबूला फुलोरा आला होता. आमच्याकडे बांबू फुलला की माणसं गप्प होतात. फुलला की वाळतो, आणि दाणे खायला उंदीर येतात, ते मग शेतात घुसतात. रेडिओ ऐकायला आलेली माणसंही उठताना जंगलाकडे बघून चुकचुकायची. वाळलेली बेटं वाऱ्याने एकमेकांवर घासून दिवसभर कण्हत असायची. कान शाबूत असलेल्या माणसालाही तो आवाज चहूकडून आल्यासारखा वाटे. मी शकुन पाळत नाही म्हटलं, तरी तो आवाज मला आवडत नव्हता.

लोक गेले की आमचं खरं काम सुरू व्हायचं. बाबा खोलीच्या मधोमध पाटावर बसत, डोळे मिटून. एक टोपली डाव्या कोपऱ्यात, एक उजव्या. माय त्यांच्या मागे. तिच्या पुढ्यात एक फळकूट, त्याला तीन खिळे आणि एक पितळी पट्टी. पट्टी इकडच्या खिळ्याला टेकवली की उजवी टोपली बोलते, तिकडच्याला टेकवली की डावी. बाबांनी ज्या बाजूने आवाज येईल तिकडे हात करायचा.

पहिल्या दिवशी ते जवळजवळ प्रत्येक वेळी चुकले. हात वर उचलायचे, हवेतच थांबायचे आणि मग भलतीकडे जायचे. कुपातल्या साठ-सत्तर माणसांना आपल्या आवाजावर चालवणारा माझा बाप खोलीत बसून चाचपडत होता. मला ते बघवेना. मी पाणी आणायच्या निमित्ताने उठले.

पण बाबा हट्टी होते. रोज बसायला लागले. हळूहळू त्यांचा हात बरोबर जायला लागला. आधी निम्म्या वेळा, मग बऱ्याचदा, आणि दिवाळीच्या तोंडावर तर चुकेनासेच झाले. माय पट्टी हलवून त्यांना फसवायला बघे, लागोपाठ एकाच बाजूला वाजवी, तरी चुकत नसत. डोळे मिटूनच हसत. "सांग आता, बहिरा कोन हाये? मी का तू?" माय पदराने डोळे पुसायची. मला तर वाटत होतं, मीच बापाचा कान दुरुस्त केला. चार जणांत सांगता येत नव्हतं, एवढंच दुःख.

कधी कधी चुकत. हवा खराब असली की नागपूर दूर गेल्यासारखं व्हायचं, आवाज बारीक येई. त्या दिवशी बाबा उजव्या टोपलीलाही डावी म्हणत. आम्ही म्हणायचो, आज थकले असतील. कोणाच्याही मनात दुसरं काही आलं नाही.

कूप उघडायचा दिवस आला. पहाटेच बाबांनी अंघोळ केली, कुऱ्हाड ढोलीमागून स्वतः काढली, धार बघितली. मायने अडवलं नाही, पण निघताना म्हणाली, "जी, एकदा बसा. एकदाच."

रेडिओवर भजन चाललं होतं. बॅटरी संपत आली होती, आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा येत होता. बाबा बसले. मायने उजवी वाजवली. ते म्हणाले, डावी. डावी वाजवली, डावी म्हणाले. पुन्हा उजवी, डावी. मायचा हात पट्टीवर तसाच राहिला.

बाबा उठले. "बॅटरी मेली हाये, माहा कान नाई मेला," ते म्हणाले. "मानसं वाट पाहून राह्यली."

"खरंच बॅटरी मेली ना, माय," मी म्हणाले. मी बाबांच्याच बाजूची होते. टोपल्या माझ्या होत्या.

बाबा गेले. माय उंबऱ्यात उभी राहिली ती हलेना. भाकरी टाकायची राहिली, गोठा झाडायचा राहिला. मला तिचा राग आला. इतके दिवस बरोबर सांगतात, एका दिवशी चुकले तर एवढं काय? मी म्हणाले, "थांब, तुले दाखवते. एका कानानंबी कळते." काटेसावरीचा कापूस घेतला, डाव्या कानात दाबून बसवला, वर भाकरीसाठी मळून ठेवलेलं पीठ थापलं आणि बाबांच्या पाटावर जाऊन बसले. रेडिओचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं, तेव्हा कुठे आवाज नेहमीसारखा झाला. डोळे मिटले. "वाजव," म्हणाले.

मायने पट्टी हलवली. उजवी. बरोबर. डावी. बरोबर. पुन्हा डावी, उजवी, डावी. सगळं बरोबर. मी टाळी वाजवली. "बघ! म्हटलं नव्हतं?"

माय म्हणाली, "तुले कसं कळते?"

कसं कळतं? मला विचार करावा लागला. मी म्हणाले, "मोठ्यानं वाजलं तं उजवी. बारीक वाजलं तं डावी."

मग आवाज अगदी बारीक झाला. मी म्हणाले, "डावी." मग थोडा वेळ काहीतरी सरकवल्यासारखं झालं, आणि आवाज एकदम मोठा आला. मी म्हणाले, "उजवी." "डोळे उघड," माय म्हणाली. तिने डावी टोपली उचलून माझ्या डाव्या खांद्याला जवळजवळ टेकवून ठेवली होती. तीच वाजत होती. आधी बारीक झालेली ती उजवीच होती, मायने बटण फिरवून तिचा आवाज उतरवला होता.

मी कान मोकळा केला. काय झालं होतं ते आम्हा दोघींना एकदमच कळलं. बाबांना बाजू कळतच नव्हती. मोठा आवाज उजवा आणि बारीक आवाज डावा, एवढं ते शिकले होते, आणि ते शिकलेत हे त्यांनाही माहीत नव्हतं. आमच्या खोलीत ते खरं होतं. दोन टोपल्या, ठरलेल्या जागा, ठरलेला आवाज. महिनाभर आम्ही त्यांना तेच घोटून घोटून शिकवलं होतं, आणि खात्री करून जंगलात पाठवलं होतं.

"जंगलातलं बटन कोन फिरवते वं?" माय म्हणाली, आणि पळायला लागली.

दार उघडंच राहिलं. नाल्यापर्यंत वाट होती, पुढे तुडवलेलं गवत. माझी चप्पल नाल्यात गेली. वाळलेला बांबू कुरकुरत होता, आणि त्यातून कुऱ्हाडींचे घाव ऐकू येत होते. मला कुठून ते बरोबर कळत होतं. मला दोन कान होते. त्या आवाजाच्या रोखाने आम्ही बेटांत शिरलो, ओरबाडत, अडखळत, आणि एका मोकळ्या जागेशी आलो तेव्हा बाबा दिसले.

ते आमच्याकडे पाठ करून उभे होते, फार लांब नाही. एका सागवानाला कुऱ्हाडीची पाठ लावून ऐकत होते, उजवा कान खोडाला. मी छातीभर श्वास घेतला हाक मारायला. तेवढ्यात मायचा हात माझ्या तोंडावर बसला. इतक्या जोरात की दात ओठात रुतले. तिच्या हाताला पिठाचा वास होता.

"हाक नको मारू," ती कानाशी म्हणाली. "आयकतीन, आन भलतीकडं पळतीन."

म्हणजे आम्ही ओरडू शकत नव्हतो. इतकं धावत आलो ते सांगायला, आणि आवाज हीच एक गोष्ट आम्हाला वापरता येत नव्हती. त्यांच्या समोर जाऊन उभं राहायचं, एवढाच मार्ग. मध्ये काटेरी जाळी आणि आडव्या पडलेल्या फांद्या.

आणि हाळी आली. बाबांच्या डाव्या अंगाने, बेटापलीकडून, जवळूनच. लांब, स्पष्ट. बाबांनी मान वर केली. दुसरीकडून शीळ आली. कोणीतरी घुमलं. कोणीतरी ‘हो’ म्हणालं. सगळे आपापल्या जागेवरून सांगत होते, मी इथे आहे, मी इथे आहे. मग बाबांची पाळी आली. ते उजवीकडे वळले, जिकडे काहीच नव्हतं, नुसतं उभं जंगल होतं, आणि तिकडे तोंड करून त्यांनी त्यांची ती खोल हाळी दिली. आवाजात जराही शंका नव्हती. घाव घालायला मोकळीक.

घाव पडले. मग तडतडलं. सागवान तुटताना आधी बारीक तडतडतं. बाबांनी ते ऐकलं. जाणता माणूस सरकतो तसे, घाई न करता, शांतपणे, उजवीकडच्या त्या नसलेल्या झाडाला जागा देत ते डावीकडे चालायला लागले.

माय माझ्या शेजारी नव्हती. ती जाळीतून कशी गेली मला माहीत नाही. तिचं लुगडं काट्यांवर फाटून राहिलेलं मी नंतर सोडवलं. तिने एक शब्द तोंडातून काढला नाही. मागून जाऊन तिने बाबांच्या कमरेला मिठी मारली आणि सगळा भार मागे टाकला. त्यानंतर आभाळ खाली आलं. जमीन हादरली, पानं आणि धूळ, आणि मला काही दिसेना. त्या धुळीत उभी राहून मी ठरवूनच टाकलं होतं की दोघंही गेले.

धूळ बसली तेव्हा बाबा बांबूच्या मुळाशी बसलेले होते. कपाळातून रक्त येत होतं. खोड त्यांच्या पायांपासून हातभर अंतरावर आडवं होतं. माय त्यांच्याखाली दबून होती, तिचा उजवा हात एका फांदीखाली. माणसं धावत आली, फांदी उचलली. तिचं मनगट मोडलं होतं. ती रडत नव्हती, बाबांकडे बघत होती.

बाबा खोडाकडे बघत होते. मग त्यांनी मान फिरवून उजवीकडच्या त्या उभ्या जंगलाकडे पाहिलं. "पन आवाज तं तिकडून आला," ते म्हणाले. सगळ्या माणसांसमोर म्हणाले. तोडणाऱ्यांच्या म्होरक्याने आपली कुऱ्हाड खाली ठेवली आणि तो दुसरीकडे बघायला लागला.

बाबांनी स्वतःच ठेकेदाराला सांगितलं आणि काम सोडलं. पुढे आम्ही वाट्याने केलेल्या धानाच्या शेतावर जगलो. जगायला अडचण आली, मेलो नाही. मायचा हात सरळ बसला नाही. ती डाव्या हाताने लिंपायला शिकली. बाबांशी बोलायचं असलं की ती उठून त्यांच्या समोर जाऊन उभी राहायची आणि मगच बोलायची, मीठ मागायचं असलं तरी. मीही तेच शिकले.

टोपल्यांकडे मला बघवत नव्हतं. फोडून टाकायला मी एकदा मुसळ घेतलंही होतं. मामाने पुढच्या फेरीला नवी बॅटरी आणली होती, ती तशीच पडून होती. बाबांनी माझ्या हातातलं मुसळ काढून घेतलं. डाव्या कोपऱ्यातली टोपली दोन्ही हातांनी उचलली, खोली ओलांडून नेली आणि उजवीशेजारी ठेवली.

"दोन्ही इकडंच राहू दे, पोरी," ते म्हणाले. "तिकडं मले आता कोनी नाई."

मी नवी बॅटरी लावली आणि दोन्हींच्या तारा एकत्र जोडून दिल्या. तसा आवाज आणखी भरीव आला, आणि मला त्या आनंदाची शिसारी आली.

कूप उन्हाळ्यापर्यंत चालला, नव्या मुकादमाखाली. ते जंगल आमच्या घराच्या डाव्या अंगाला होतं. सकाळी वारा आमच्याकडे वळला की तिथली हाळी बारीक ऐकू यायची, मग शीळ, मग घुमणं, मग ‘हो’. बाबा पडवीत दोर वळत बसलेले असायचे. त्यांचे हात थांबत. ते मान वर करत, उजवीकडे, जिकडे आमचा गोठा आणि त्यापलीकडे नुसतं शेत होतं, तिकडे तोंड करून हलकेच, ओठांतल्या ओठांत, आपली हाळी देत.

चुकीच्या बाजूला बघताय असं आम्ही त्यांना कधी सांगितलं नाही. माय हातातलं काम ठेवायची आणि गोठ्याच्या त्या बाजूला, त्यांच्या तोंडासमोर जाऊन बसायची.